पास्कोच्या वाट्याचं फावडं

मी एक जुनं फावडं आहे. माझा दांडा कधीच कुजून गेला. पात्याच्या कडा गंजानं खाल्ल्या. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये एका खाडीच्या काठी, गुडघाभर मातीखाली मी पडून आहे आणि माझ्याही खाली एक माणूस पुरलेला आहे. मित्रांनो, वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की आधी आपलं कौतुक सांगतात. माझ्याकडे कौतुक फारसं नाही. जे आहे ते सांगते.

माझा जन्म साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका लोहाराच्या भट्टीत झाला. तापवलं, ठोकलं, पाण्यात बुडवलं, झालं. माझ्यासारखी भावंडं एका पिंपात रचली, आम्ही हलू नये म्हणून मध्ये गवत कोंबलं आणि पिंप जहाजाच्या पोटात ठेवलं. वरच्या फळ्यांवर माणसं भरली होती. त्यांच्यासाठी कुणी गवत घातलं नव्हतं.

त्या माणसांकडे जहाजाचं भाडं नव्हतं. भाड्याच्या बदल्यात त्यांनी आपल्या आयुष्यातली काही वर्षं देऊन टाकली होती. किनारा लागला की कप्तान ती वर्षं विकायचा. घेणारा तो मालक, आणि मुदत भरेपर्यंत तो माणूस त्याचा बांधील गडी. मग त्याला उठवायचं, बसवायचं, मारायचं, सगळं मालकाच्या हातात.

हॅलेट नावाच्या मळेवाल्यानं आमचं पिंप घेतलं आणि त्याच फेरीत काही गडीही घेतले. त्यातला एक अमायस क्रूक. इंग्लंडातल्या डेव्हनकडचा, मोच्याचा मुलगा, अंगानं काटकुळा, जिभेनं तिखट. मला दांडा ठोकून त्याच्या हातात दिलं.

"हे मोडलंस तर तुझं एक हाड मोडेन," हॅलेट म्हणाला.

"कुठलं ते तुम्हीच निवडा, मालक," अमायस म्हणाला. त्याला पहिली थप्पड बसली ती त्या दिवशी.

तंबाखू लावायची तिथली रीत अशी. गडी एक पाय जमिनीत रोवून उभा राहतो. फावड्यानं आजूबाजूची माती ओढून त्या पायाभोवती रचतो, थेट गुडघ्यापर्यंत. मग पाय अलगद उपसून घेतो आणि फावड्याच्या पाठीनं उंचवट्याचा माथा थापटून सपाट करतो. त्या सपाट माथ्यावर रोप बसतं. मग पुढचा उंचवटा. पाय पुरायचा, काढायचा, थापटायचं. सूर्य उगवल्यापासून दिसेनासं होईपर्यंत हेच. अमायसचा उजवा पाय मला त्याच्या तोंडापेक्षा जास्त ओळखीचा झाला. त्याला ताप असला की मला नडगीवरूनच कळायचं. ताप असला तरी काम चालू असायचं. शनिवारी दुपारनंतर गड्यांना मोकळीक द्यावी अशी त्या मुलखाची रीत होती. हॅलेटच्या मळ्यात शनिवार उगवायचा, पण त्याची दुपार कधी झाली नाही.

हॅलेटच्या स्वयंपाकघरामागे उर्सुला मका कांडायची. तीही बांधील. अमायस पाण्याच्या निमित्तानं तिकडे जायचा आणि मला भिंतीला टेकवून ठेवायचा, म्हणून त्यांचं बोलणं मला ठाऊक.

मुदत भरली की मालकानं गड्याला वाटेला लावताना मका, एक जोडी कपडे, एक कुऱ्हाड आणि एक फावडं द्यायचं. नवं फावडं. हा सुटणाऱ्याचा वाटा. त्यात उपकार नाहीत. अमायसचा दिवस आला तेव्हा हॅलेटनं त्याला कोठीत नेलं. पिंपात नवी फावडी होती. हॅलेटनं माझ्याकडे बोट केलं.

"नवं द्यायचं असतं, मालक."

"नवं कशाला? याला तुझ्या हाताची सवय आहे. तुला याची. जमलेला संसार मोडू नये."

कोठीतले सगळे हसले. अमायस हसला नाही. त्यानं मला उचललं आणि तडक उर्सुलाकडे गेला.

"ऐकलंस? झिजलेलं फावडं दिलं. अख्खी जवानी घेतली आणि झिजलेलं फावडं दिलं."

"ऐकलं," उर्सुला म्हणाली. मुसळ चालूच होतं.

"एक दिवस माझ्याकडे गडी असेल. तो सुटेल त्या दिवशी त्याला करकरीत नवं फावडं देईन. भट्टीचा वास येत असेल असं."

"आणि शनिवार?"

"शनिवारही देईन."

"आणि तुला उलट बोलला तर?"

"मीही उलट बोलेन. फिटंफाट."

"बरं. ह्या कण्या खा. रिकाम्या पोटी फार मोठं बोलू नये."

मित्रांनो, मी त्याच्या खांद्यावर होते. तो खोटं बोलत नव्हता. हे लक्षात ठेवा, कारण मला सगळ्यात जास्त राग त्याच गोष्टीचा येतो. तो खरं बोलत होता.

सुटलेल्या माणसाला पन्नास एकरांचा हक्क मिळायचा. हक्क म्हणजे जमीन नव्हे. मोजणी करून घ्यायची ऐपत नसेल तर हक्क नुसता तोंडात घोळवायचा. अमायस दुसऱ्यांच्या मळ्यांत राबला, अर्ध्या वाट्यानं तंबाखू केला, आणि उर्सुलाची मुदत संपेपर्यंत त्यानं खाडीकाठची ही जमीन नावावर केली. दोघांनी लग्न केलं. लाकडाच्या ओंडक्यांचं घर उभं राहिलं.

पहिल्या दिवशी त्यानं मला जमिनीत घातलं तेव्हा मी खापरावर आदळले. मातीचं फुटकं मडकं. खाली कोळसा, जळकी मक्याची बुरकुंडं.

"इथं कुणाची तरी चूल होती," उर्सुला म्हणाली.

"असेल."

"कुठं गेले ते?"

"मला काय ठाऊक? मी आलो तेव्हा नव्हते."

"आपण आलो म्हणूनच नसतील."

 अमायसनं दुसरा घाव घातला आणि खापर बाजूला उडालं. ज्यांची चूल होती त्या मूळच्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं. जमीन मोजणारा मोजून गेला आणि झालं.

तरीही सांगते, तेच माझे सुखाचे दिवस होते. संध्याकाळी अमायस मला पुसायचा, डुकराची चरबी चोळायचा आणि दारावर अडकवायचा. कुणी पाहुणा आला की म्हणायचा, "ह्या फावड्यानं मला माणूस केलं." मी चकाकायचे. वस्तूंना अक्कल कमी. कौतुक झालं की चकाकतात.

त्यांना मूल झालं नाही. तंबाखूला तर हात लागतात. रोपं लावा, शेंडे खुडा, अळ्या वेचा, कापा, टांगा. दोन माणसांच्या कंबरा मोडल्या. तेव्हा नदीच्या मुखाशी जहाज लागल्याचं कळलं आणि अमायस माणूस घ्यायला गेला.

तो पास्कोला घेऊन आला. विशीतला, लाल केसांचा, जहाजात हाडकलेला. त्याची बोली डेव्हनकडची, म्हणून अमायसनं त्याला निवडलं. दारातच पास्को उर्सुलाला म्हणाला, "मालकीणबाई, माझी बहीणही त्याच जहाजात आहे. थॉमसिन. माझ्यापेक्षा जास्त काम करते आणि निम्मं खाते."

उर्सुलानं नवऱ्याकडे पाहिलं. "दोघांना का नाही आणलंस?"

"परवडलं नाही."

"अजून एकदा जाऊन ये."

"गेली ती. खाडीपलीकडच्या मळेवाल्यानं घेतली."

पास्कोनं खाडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "खाडीपलीकडे म्हणजे जवळच की. मोठ्यानं शिंकलो तर ऐकू जाईल तिला."

त्या साली अमायसनं स्वतःसाठी दुसरं फावडं घेतलं आणि मला पास्कोच्या हातात दिलं. पुन्हा नवा पाय, नवा गुडघा. पास्को काम करताना माझ्याशी बोलायचा. "चल म्हातारे, अजून एक पाय पुरू. एकदा असा पुरेन की काढायचाच नाही. बसू दे मालकाला शोधत." त्याचा सगळा बेत मला पाठ होता. त्याची मुदत थॉमसिनच्या मुदतीआधी संपत होती. सुटल्याबरोबर तिच्या मालकाकडे राबायचं आणि तिची उरलेली वर्षं आपल्या अंगावर घ्यायची. मग दोघांनी खाडीच्या वरच्या अंगाला झोपडी घालायची. त्याला पन्नास एकर नको होते. "कोबी लावीन," म्हणायचा. "तंबाखूचं तोंड बघणार नाही."

पहिलं वर्ष तो मालकांच्या टेबलाशी बसून जेवला. अमायसला 'दादा' म्हणायचा. दुसऱ्या वर्षी तंबाखू बरा झाला आणि अमायसनं शेजारची जमीन धरली. तिसऱ्या वर्षी तो कोर्टात ज्युरीवर बसायला लागला. लोक त्याला 'मिस्टर क्रूक' म्हणायला लागले. एका संध्याकाळी तो पास्कोला म्हणाला, "चार लोकांत दादा म्हणू नकोस. मालक म्हण."

"बरं, मालक. पुढच्या वर्षी काय म्हणायचं तेही आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे जिभेला वळण लावतो."

उर्सुला हसली. अमायस हसला नाही. त्या दिवसापासून पास्कोचं ताट मागच्या पायरीवर गेलं. शनिवारची दुपारही मग हळूहळू गेली. आधी पाऊस आला म्हणून, मग पाऊस आला नाही म्हणून.

पण उर्सुला विसरली नव्हती. पास्कोचं शेवटचं वर्ष लागलं तेव्हा तिनं नवऱ्यामागे लकडा लावून जहाजावरून एक नवं फावडं मागवलं. रुंद पातं, निळसर लोखंड, ॲश झाडाच्या चिवट लाकडाचा दांडा. ते तेलाच्या फडक्यात गुंडाळून चुलीशेजारच्या भिंतीवर अडकवलं.

"हे कुणाचं?" पास्कोनं विचारलं.

"तुझं. तुझ्या दिवसाचं," उर्सुला म्हणाली. "तुझ्या मालकानं शब्द दिलाय. तू जन्माला आला होतास की नाही कोण जाणे, तेव्हा दिलाय."

अमायस संकोचला, पण खूशही झाला. मला तेव्हा मत्सर वाटला नाही. मनात म्हटलं, झालं, माझं काम संपलं. आता दारावर गंजत बसू.

पास्को रोज लाकडं आत आणायच्या निमित्तानं ते फावडं पाहून जायचा.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी, तंबाखू कापायच्या ऐन दिवसांत, पलीकडून होडीवाला निरोप घेऊन आला. थॉमसिनला रक्ताची हगवण लागली होती. पास्को मला हातात घेऊनच अमायसकडे गेला.

"मालक, मला जाऊ द्या."

"कापणी झाली की जा."

"कापणी होईपर्यंत ती राहायची नाही."

"आत्ता दव पडलं तर अख्खं पीक डागाळेल. तू काय, मी काय, सगळे बुडू."

"माझं काय बुडणार, मालक? माझं इथं काय आहे?"

"तोंड सांभाळ."

पास्कोनं मला सरीत उभं रोवलं, हात पुसले आणि खाडीकडे चालू लागला. तिसऱ्या दिवशी तो आपण होऊन परत आला. बहिणीला त्यानं स्वतःच्या हातानं पुरलं होतं. त्यानं मला रोवलं होतं तिथून उपटलं आणि कामाला लागला. तो पळाला असता तर मिळाला नसता. तो आला.

अमायस गप्प राहू शकला असता. खाडीपलीकडचा मळेवाला दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "आज तुझा गेला, तू सोडलंस, तर उद्या आमचे सगळे बहिणी काढतील." अमायसला त्या लोकांत बसायचं होतं. तो पास्कोला कोर्टात घेऊन गेला. तिथला कायदा असा की गडी एक दिवस गैरहजर राहिला तर त्यानं दहा भरून द्यायचे. तीन दिवसांचा एक महिना झाला आणि तो मुदतीवर चढला.

परत आल्यावर उर्सुलानं विचारलं तेव्हा पास्कोनंच सांगितलं. "साहेबांनी विचारलं, गेला होतास? म्हटलं, गेलो होतो. परवानगी होती? म्हटलं, नव्हती. संपलं. बहिणीला मरायला दुसरा आठवडा मिळाला नाही का, असं नाही विचारलं. तेवढी मेहरबानी केली."

मग त्याचा खरा दिवस आला. जहाज लागलं होतं तो, मूळ मुदत भरायचा दिवस. सकाळी उर्सुलानं त्याच्यासाठी काकवी घालून मक्याची भाकरी केली. पास्को भिंतीशी उभा राहिला.

"मालक, एकदा नुसतं हातात घेऊ का?"

"तुझा दिवस आला की घे."

"दिवस आलाय, मालक. दारातूनच परत पाठवलाय त्याला."

"कायदा मी केला नाही, पास्को."

"नाही. तुम्ही नुसते घेऊन गेलात मला त्याच्याकडे."

उर्सुला मध्ये पडली. "अमायस, सोड त्याला. आज. महिन्याभराचं काम मी करते. माझ्या हाताला सवय आहे."

"मला लोकांत तोंड दाखवायचंय."

"तुझं तोंड मी हॅलेटच्या उखळीमागे पाहिलंय. तेव्हा बरं होतं."

अमायस उठून बाहेर गेला. जाताना म्हणाला, "दलदलीकडची नवी जमीन खणायची आहे. याच महिन्यात."

ती जमीन म्हणजे मुळांची जाळी आणि साचलेलं पाणी. त्या दिवसांत डास इतके की श्वासाबरोबर आत जायचे. आम्ही मुळं तोडत होतो. एका दुपारी पास्कोचा हात दांड्यावर थरथरायला लागला. थंडी भरली, मग अंग भाजायला लागलं, मग घाम. एक दिवस बरा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. मला नडगी नको, हाताच्या पकडीवरूनच कळलं. पण मी फावडं. मी काय ओरडणार?

अमायसनं ते पाहिलं. म्हणाला, "मीही हॅलेटकडे तापात खणलंय. मेलो नाही."

"नाही मेलात," पास्को म्हणाला. त्यात टोमणा होता की नुसती कबुली, मला अजून कळलेलं नाही.

शेवटी तो मुळांतच खाली बसला. उर्सुलानं त्याला घरात आणून चुलीजवळ झोपवलं, त्या भिंतीखाली. त्याला भ्रम व्हायला लागला. थॉमसिनला हाका मारून सांगायचा, कोबीला पाणी घाल. महिना पुरा व्हायला थोडेच दिवस उरले होते. तो पुरा झाला नाही.

खड्डा अमायसनं स्वतः खणला. कुणाला हात लावू दिला नाही. इतक्या वर्षांनी त्याचे हात माझ्या दांड्यावर आले आणि मला जुनी पकड ओळखू आली. तो रडत होता. मी पाहिलं आहे, म्हणून सांगते. रडणं खरं होतं. त्यानं काही बदलत नाही.

पास्कोला खाली ठेवलं. माती लोटली. उंचवटा झाला. आणि अमायसनं, सवयीनं, मला उलटं केलं आणि पाठीनं त्याचा माथा थापटून सपाट केला.

"ते सपाट का केलंस?" उर्सुलानं विचारलं. "तंबाखू लावायचाय का त्याच्यावर?"

अमायसचे हात थांबले. 

"घरात जा," ती म्हणाली, "आणि भिंतीवरचं फावडं आण. त्याच्या उशाशी रोवू. इथं दगड मिळत नाही, निदान दांडा तरी दिसेल. त्याचं आहे ते."

अमायस घराकडे वळला, दोन पावलं गेला आणि थांबला. मी तेव्हा प्रार्थना केली. लोखंड प्रार्थना करत नाही म्हणतात. मी केली.

"उर्सुला, चांगलं लोखंड मातीत कशाला घालायचं? हेच रोवू." त्यानं मला वर धरलं. "याला त्याच्या हाताची सवय आहे."

 अमायसला ते शब्द कुठून आले हे कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्याच्या तोंडाचा रंग उडाला. तरी त्यानं मलाच रोवलं.

दुसऱ्या दिवशी पलीकडचा मळेवाला म्हणाला, "वाईट झालं. पण त्याच्या वाट्याचा मका तर वाचला." अमायसनं त्याला हाकललं नाही. त्याला बसायला खुर्ची दिली.

पुढं अमायस मोठा झाला. जमीन वाढली, घराला विटांची धुराडी आली, लोक टोपी काढायला लागले. त्यानं पुन्हा कधी बांधील गडी घेतला नाही. त्यानं आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं विकत घेतली. त्यांना मुदत नव्हती. त्यांचा दिवस कधीच येणार नव्हता, म्हणून त्या भिंतीवर काही टांगायची गरजही उरली नाही. पास्कोचं नवं फावडं त्यांच्यातल्याच एकाच्या हातात गेलं. त्या माणसाचं खरं नाव त्या घरात कुणीच विचारलं नाही, म्हणून मलाही सांगता येत नाही. याची मला लाज वाटते, आणि ज्यांना वाटायला हवी होती त्यांना वाटली नाही.

उर्सुला रविवारी यायची. मला हात लावायची, दांड्याला चरबी चोळायची. पास्कोशी बोलायची नाही, माझ्याशीही नाही. मग ती यायची थांबली आणि कळलं की ती गेली. दांडा एका हिवाळ्यात मोडला. पातं आडवं पडलं. पानं पडली, माती चढली. मग नांगर फिरले आणि ज्यांनी फिरवले त्यांना इथं कोण आहे हे ठाऊक नव्हतं. उंचवट्याचा माथा आधीच सपाट होता. शोधायचा कसा?

मित्रांनो, आता माझ्यासारख्या गोष्टींच्या शेवटी म्हणतात, आमची काळजी घ्या, आम्हाला उन्हापावसात टाकू नका. माझी नका घेऊ. लोखंडाला गंज येणारच. तुम्ही कधीतरी कुणाच्या तरी हाताखाली राबाल, आणि चिडून, खरं मनापासून, एखादा शब्द द्याल की माझी वेळ आली तर मी असं वागणार नाही. मग तुमची वेळ येईल. तेव्हा फार विचार करू नका. भिंतीपर्यंत जा आणि ज्याचं आहे ते त्याच्या हातात द्या, तो जिवंत असताना, त्याच दिवशी. दोन पावलांवर थांबू नका.

पास्कोला अमेरिकेत एवढंच मिळालं. मी. झिजलेलं, दुसऱ्यानं वापरलेलं. ते त्याच्या दिवशी मिळालं नाही आणि हातातही मिळालं नाही. पण मिळालं म्हणून मी त्याचं आहे, आणि माझ्या आयुष्यात मी फक्त त्याचंच आहे. पाऊस मुरला की माझा गंज थोडा थोडा खाली उतरतो. कधीतरी पोचेन त्याच्यापर्यंत.